पावसाळ्यात टिकतील अशा नावपाट्या: पॉलिमर क्ले आणि तार वापरून कशा करायच्या

मे संपता संपता दोडका, घोसाळं, काकडी, दुधी अशा सगळ्या वेलांच्या बिया आपण एकाच दिवशी लावतो. आठवडाभरात रोपं वर येतात आणि कुठली कुंडी कशाची हे सांगता येत नाही. दोडका आणि घोसाळं यांचा निकाल तर फूल येईपर्यंत लागत नाही: पिवळं फूल संध्याकाळी उमललं तर दोडका, सकाळी उमललं तर घोसाळं. तोवर दोन महिने गेलेले असतात आणि मांडव चुकीच्या कुंडीवर चढलेला असतो. हळद आणि आंबेहळदीचं तसंच. पानं जवळजवळ सारखी, आणि हिवाळ्यात दोन्ही वाळून गेल्या की रिकामी दिसणारी कुंडी घरातलं कुणीतरी उत्साहानं उकरून ठेवतं.

म्हणून नावपाटी हवी. आइस्क्रीमच्या काडीवर मार्करनं लिहिलेलं नाव पहिल्या मोठ्या पावसातच पुसट होतं आणि काडी मातीत कुजते. प्लास्टिकच्या पट्ट्या उन्हानं कडक होऊन तुटतात. पॉलिमर क्लेची, तारेच्या पायांवर उभी केलेली पाटी मात्र वर्षानुवर्षं राहते, दिसतेही सुंदर, आणि घरच्या ओटीजीमध्ये (विजेवरच्या छोट्या ओव्हनमध्ये) करता येते. जूनमध्ये रोवलेली पाटी सप्टेंबरमध्ये उभ्यानं वाचता आली पाहिजे, एवढी एकच कसोटी मी लावते. पुढची प्रत्येक सूचना त्या कसोटीतून आलेली आहे.

१. आधी क्ले ओळखा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. दुकानात नुसतं 'क्ले द्या' म्हटलं की बहुतेक वेळा एअर ड्राय क्ले हातात पडते. ती हवेत सुकते, हलकी असते, भिंतीवरच्या शोभेच्या वस्तूंना उत्तम. पण सुकल्यावरही ती पाणी शोषते. चार दिवसांच्या झडीत मऊ पडून तिचे तुकडे होतात, वरून कितीही व्हार्निश लावा.

पॉलिमर क्ले ही खरं तर मातीच नाही. पीव्हीसीची बारीक भुकटी, तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर आणि रंग यांचा तो गोळा असतो. त्यात पाणी नसतं, त्यामुळे ती हवेत सुकत नाही. ११० ते १३० अंश सेल्सिअसला भाजली की कायमची घट्ट होते आणि मग पावसाचं तिला काही वाटत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: पाकिटावर ओव्हनचं चित्र आणि भाजायचं तापमान छापलेलं असतं. ते नसेल तर घेऊ नका. जर्मन कंपनी स्टेडलरची फिमो आणि अमेरिकेची स्कल्पी ही दोन नावं ऑनलाइन सहज मिळतात. साधं पाकीट ५७ ग्रॅमचं असतं आणि त्यात सहा बाय तीन सेंटीमीटरच्या साधारण चार पाट्या होतात.

घरी ओटीजी नसेल तर रेझिन आणि हार्डनर असे दोन गोळे एकत्र मळायची क्ले वापरता येते. ती न भाजता घट्ट होते आणि पाण्यालाही दाद देत नाही. मात्र मळल्यावर ठरावीक वेळातच काम उरकावं लागतं आणि पाटी नंतर रंगवावी लागते. अक्षरं शांतपणे कोरायची असतील तर पॉलिमरला पर्याय नाही.

रंग निवडताना उन्हाचा विचार करा. फ्लोरोसंट रंग घेऊच नका, ते लवकर उडतात. पांढरा, खडूसारखा फिकट पिवळा, विटकरी, तपकिरी हे रंग गच्चीवर चांगले राहतात. फिकट पाटीवर गडद अक्षरं लांबूनही वाचता येतात.

२. सामान

- पॉलिमर क्ले, एक फिकट रंग (सुरुवातीला दोन पाकिटं पुरेत)
- पायांसाठी १.६ ते २ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियम किंवा तांब्याची तार, प्रत्येक पाटीला ४० सेंटीमीटर
- नक्षीसाठी ०.८ मिलिमीटरची तांब्याची तार, थोडीशी
- तार कापायची आणि वळवायची पक्कड, जमलं तर नोज प्लायर (निमुळत्या टोकाची पक्कड)
- चकचकीत सिरॅमिक टाइल, एक कामासाठी आणि एक भाजण्यासाठी
- काचेची गुळगुळीत बाटली किंवा फक्त याच कामासाठी ठेवलेलं लाटणं
- आइस्क्रीमच्या काड्या, क्राफ्टचा चाकू, संपलेल्या बॉलपेनची रिफिल, टूथपिक
- पातळ पॉलिथिन किंवा क्लिंग फिल्म
- साधा कोरा कागद, ॲल्युमिनियम फॉइल
- ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर
- बारीक पॉलिश पेपर (४०० आणि ८०० नंबर), गडद तपकिरी किंवा काळा ॲक्रेलिक रंग

तारेबद्दल थोडं सविस्तर सांगते. साधी लोखंडी बाइंडिंगची तार स्वस्त असते, पण ओल्या मातीत गंजते आणि गंजाचे ओघळ पाटीवर येतात. गॅल्व्हनाइज्ड तार काही काळ टिकते, कापलेल्या टोकाकडून मात्र गंज चढतोच. ॲल्युमिनियम गंजत नाही आणि हातानंही वळतं. तांबं थोडं कडक, पण सरळ उभं राहतं आणि हळूहळू सुंदर हिरवट होतं. अर्थिंगसाठी १४ गेजची उघडी तांब्याची तार इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, ती बरोबर दोन मिलिमीटरची असते. पुण्यात बोहरी आळी आणि तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ इथे चक्कर मारलीत तर हवी तेवढी मिळेल. घरातली जुनी वायर वापरणार असाल तर वरचं प्लास्टिक पूर्ण सोलून काढा.

स्वयंपाकघरातलं जे साधन कच्च्या क्लेला लागलं, ते पुन्हा पोळीला वापरायचं नाही. हे कटाक्षानं पाळा.

३. तार आधी वळवा

एका तारेवर उभी केलेली पाटी वाऱ्यानं गोल फिरते आणि पावसात माती सैल झाली की कुंडीच्या भिंतीकडे तोंड करून बसते. म्हणून दोन पाय हवेत.

तारेचा मधला भाग जाड मार्करवर वळवून दोन सेंटीमीटर रुंदीची गोलाई करा. तिच्या खाली दोन्ही बाजू पकडीनं आत दाबून मान थोडी अरुंद करा आणि तिथून दोन्ही पाय सरळ, एकमेकांना समांतर, दीड सेंटीमीटर अंतरावर खाली आणा. गोलाई क्लेच्या आत राहणार आहे. तार आणि क्ले एकमेकांना चिकटत नाहीत. सरळ तार खुपसली तर भाजल्यावर ती अलगद निघून येते. अरुंद मानेमुळे गोलाई आत अडकून राहते. तार कुठेही स्वतःवरून ओलांडू देऊ नका, नाहीतर तिथे जाडी दुप्पट होऊन पाटीला फुगवटा येतो. शेवटी गोलाईवर हातोडीचे दोन-तीन हलके घाव घालून ती किंचित चपटी केली तर पकड आणखी चांगली बसते.

पाय सतरा सेंटीमीटरचे ठेवा. त्यातले आठ मातीत जातात आणि नऊ वर राहतात. पाटी यापेक्षा खाली असली तर पावसाचे थेंब मातीवर आपटून उडालेला चिखल अक्षरांवर साठतो. तार कापण्याआधी ओटीजीची आतली रुंदी मोजून घ्या. पाटी आणि पाय मिळून बावीस-तेवीस सेंटीमीटर होतात आणि छोट्या ओटीजीत ते तिरकेच ठेवावे लागतात.

४. मळणं आणि लाटणं

पाकिटातून काढलेली क्ले टणक आणि ठिसूळ वाटते. छोटे तुकडे करून तळहातांच्या उबेत मळा. पट्टी करून दुमडल्यावर घडीवर भेगा पडल्या नाहीत की तयार झाली. यात कंटाळा करू नका, न मळलेली क्ले भाजल्यावर तडकते. एप्रिल-मेच्या उकाड्यात उलटी अडचण येते, क्ले इतकी लुसलुशीत होते की बोटांना चिकटून येते. तेव्हा ती दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, किंवा दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये दाबून ठेवा. कागदाला तेलकट डाग पडतो आणि क्ले घट्ट होते.

हात स्वच्छ हवेत. फिकट क्ले धूळ, केस, कपड्याचे तंतू सगळं उचलते.

काम टाइलवरच करा. कच्च्या क्लेमधलं प्लास्टिसायझर टेबलाचं पॉलिश आणि काही प्लास्टिक खातं, टेबलावर कायमचा डाग राहतो. टाइलवर गोळा ठेवून दोन्ही बाजूंना एकेक आइस्क्रीमची काडी ठेवा आणि बाटली काड्यांवरून फिरवा, म्हणजे सगळीकडे सारखी दोन मिलिमीटरची पोळी लाटली जाते. अशा दोन पोळ्या लागतात.

५. तार बसवा, मग आकार कापा

खालच्या पोळीवर तारेची गोलाई ठेवून ती क्लेच्या पातळीत येईपर्यंत दाबा. वरून दुसरी पोळी एका कडेपासून सावकाश टेकवत न्या, म्हणजे मध्ये हवा अडकत नाही. अडकलेली हवा भाजताना फुगते आणि पाटीवर फोड येतो. फुगा दिसला तर टूथपिकनं टोचून हवा काढा आणि बोटानं सपाट करा. बाटली एकदा अगदी हलक्या हातानं फिरवा. आता चाकूनं आकार कापा. तार बाहेर येते तिथे दोन्ही बाजूंनी क्ले नीट दाबा.

आकार काहीही चालेल, पण मला सगळ्यात आवडतो तो त्याच झाडाच्या पानाचा ठसा. पुदिना, ओवा, जास्वंद यांची पानं त्यासाठी फार छान. पान धुऊन पूर्ण कोरडं करा आणि शिरा असलेली मागची बाजू क्लेवर ठेवा, कारण शिरा तिकडे उठून असतात. वरून बाटली एकदाच फिरवा. देठाला धरून पान उचललं की बारीकात बारीक शीरही उमटलेली दिसते. ओव्याच्या पानाची तर कातरलेली कडसुद्धा जशीच्या तशी येते. ठसा पाटीच्या एका टोकाला घ्या आणि नावासाठी मोकळी जागा सोडा. ठशावर नाव कोरलं तर दोन्ही वाचता येत नाहीत.

वेलांच्या पाट्यांना मी बारीक तांब्याच्या तारेचे ताणे लावते. टूथपिकभोवती तार चार वेढे गुंडाळायची, काढून थोडी ताणायची, आणि एक टोक आकडा करून क्लेच्या कडेत खुपसायचं. मोकळं टोक न विसरता गोल वळवून घ्या. झाडाची पानं बाजूला करायला आपण वाकतो तेव्हा ते डोळ्यांच्या उंचीवर येतं.

६. नाव कोरणं

पेननं लिहू नका, कोरा. परमनंट मार्करची शाई पॉलिमर क्लेवर पसरते आणि उन्हात उडते. कोरलेल्या अक्षरातला रंग गेला तरी खाच राहते, आणि पुन्हा रंग भरता येतो.

इंग्रजी अक्षरांचे शिक्के सगळीकडे मिळतात, देवनागरीसाठी आपला हातच उपयोगी. आधी पाटीच्या मापाच्या कागदावर नाव लिहून पाहा. अक्षराची उंची निदान एक सेंटीमीटर हवी, त्याहून लहान अक्षर उभ्यानं वाचता येत नाही. 'तुळस' आरामात मावतं. 'भोपळी मिरची' दोन ओळींत घ्यावं लागतं, आणि तेव्हा वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकींवर येणार नाही एवढं अंतर सोडा. हा विचार क्लेवर करायला गेलात तर जागा संपते.

मग स्टीलच्या पट्टीची कड हलके दाबून शिरोरेषा उमटवा. ती सरळ आली की अक्षरं आपोआप रांगेत बसतात. शिरोरेषा पाटीच्या वरच्या एक तृतीयांशाच्या खाली घ्या, म्हणजे वेलांट्या आणि मात्रांना जागा राहते.

आता पाटीवर क्लिंग फिल्म ताणून पसरा आणि तिच्यावरून रिकाम्या रिफिलनं लिहा. फिल्ममुळे अक्षराच्या कडा गोलसर येतात, क्लेचे कण उचकटत नाहीत. रेघ ओढत नेण्यापेक्षा थोडी थोडी दाबत न्या. खोली एक मिलिमीटर पुरे. जास्त खोल गेलात तर खाली तार लागेल. ठ, ढ, ळ यांच्या पोटातली जागा पटकन बुजते. तिथे आधी टूथपिकच्या बोथट टोकानं पोटाची खूण करा आणि तिच्याभोवती अक्षर फिरवा. 'ढ' 'ट'सारखा दिसला तर 'कढीपत्ता' वाचवत नाही.

हस्ताक्षर मनाजोगतं नसेल तर नाव संगणकावर ठळक टायपात छापा, कागद क्लेवर ठेवा आणि अक्षरांवरून रिफिल फिरवा. खाली फिकट खाच उमटते. कागद उचला आणि तीच खाच गिरवा.

काय लिहायचं तेही नीट ठरवा. नुसतं 'मिरची', 'मोगरा', 'अळू' लिहून फारसा उपयोग नाही. 'लवंगी मिरची', 'बटमोगरा', 'वडीचं अळू' असं लिहा. बी धरायचं असेल किंवा मैत्रिणीला फांदी द्यायची असेल तेव्हा हेच नाव लागतं. लावणीची तारीख कोरू नका, दर वर्षी बदलते. फिकट पाटीची मागची बाजू भाजल्यावर पॉलिश पेपरनं किंचित खरखरीत केली की तिच्यावर साध्या पेन्सिलीनं तारीख लिहिता येते, आणि पुढच्या वर्षी खोडून नवी.

७. भाजणं

आधी काय करू नये ते सांगते. मायक्रोवेव्ह मोडवर कधीच नाही: आत तार आहे, ठिणग्या उडतील. मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवेनं भाजायची, सोय असेल तर फक्त तो मोड चालेल, दोन्हींचा मिळून असलेला कॉम्बो मोड नाही. उकळत्या पाण्यात टाकूनही भागत नाही, १०० अंश पुरेसे नाहीत. गॅसवर कढईत तर मुळीच नको, तळाला जळते आणि वर कच्ची राहते.

ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका. बटण १३० वर असताना आत १५० असू शकतं, आणि रॉड लाल होतो तेव्हा त्याच्या जवळची जागा आणखी तापते. थर्मामीटर आत ठेवून एकदा रिकामा ओटीजी चालवून पाहा आणि तुमच्या बटणाची खरी जागा शोधा. पाकिटावरचं तापमान पाळा. फिमोचं ११०, स्कल्पीचं १३० असतं. म्हणून दोन कंपन्यांच्या पाट्या एकत्र भाजू नका.

भाजायची टाइल मधल्या जाळीवर ठेवून ओटीजी पंधरा मिनिटं तापवा. गरम टाइल तापमान स्थिर ठेवते. तिच्यावर कोरा कागद घाला (कागद नसेल तर पाटीच्या मागे चकचकीत डाग येतात), त्यावर पाट्या ठेवा आणि वरून फॉइलचा तंबू करा. फॉइल पाटीला टेकू नये, तारेचं टोक रॉडला लागू नये. सहा मिलिमीटर जाडीला निदान तीस मिनिटं लागतात. मी चार मिलिमीटरच्या पाट्यांनाही पंचेचाळीस मिनिटं देते. योग्य तापमानाला जास्त वेळ दिल्यानं क्ले बिघडत नाही, उलट मजबूत होते. तापमान वाढवून वेळ वाचवायला गेलात तर मात्र ती काळवंडते. फारच तापली तर पीव्हीसी जळून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू सुटतो. तसा वास आला तर लगेच बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर जा. एरवीही भाजताना खिडकी उघडी असू द्या, मुलांना लांब ठेवा.

ज्या ओटीजीत केक करता त्यातच भाजणार असाल तर पाट्या दोन ॲल्युमिनियमच्या ट्रेंमध्ये, एकावर एक उपडी ठेवून क्लिपनं बंद करून भाजा, आणि नंतर ओटीजी आतून पुसून घ्या. क्ले भाजताना त्यात खायचं काही नको.

बाहेर काढलेली पाटी मऊच असते. घाबरू नका आणि हातही लावू नका, थंड झाल्यावर ती घट्ट होते. पाट्यांबरोबर दोन मिलिमीटरची एक सुटी पट्टीही भाजा. थंड झाल्यावर ती वाकवून पाहा: थोडी लवून परत सरळ झाली तर भाजणं झालं, कडकन तुटली तर कच्ची आहे. कच्ची पाटी पुन्हा ओव्हनमध्ये घालता येते.

८. अक्षरांत रंग

कडा पाण्याखाली धरून पॉलिश पेपरनं घासा. ओलं घासलं की भुकटी उडत नाही. पाटी कोरडी करून स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, म्हणजे हाताचा तेलकटपणा निघतो. मग ॲक्रेलिक रंग बोटानं अक्षरांत आणि पानाच्या शिरांत चोळून भरा आणि लगेच ओलसर फडक्यानं वरचा पुसा. खाचांत रंग राहतो, पाटी स्वच्छ होते. फडकं घट्ट गुंडाळून सपाट फिरवा, सैल असेल तर ते खाचेत शिरून रंग उचलतं.

नीट भाजलेल्या पाटीला व्हार्निशची गरज नसते. चमक हवीच असेल तर पाण्यात मिसळणारं ॲक्रेलिक व्हार्निश लावा. नेलपॉलिश आणि बरेचसे स्प्रे यांनी पॉलिमर क्ले काही दिवसांनी चिकट होते आणि मग तिच्यावर धूळ बसत राहते.

९. कुंडीत रोवणं

मातीत आधी जुन्या स्क्रूड्रायव्हरनं दोन भोकं पाडा. ॲल्युमिनियमचे पाय घट्ट मातीत जोर लावला की वाकतात. पाटी कुंडीच्या कडेला लावा, खोडाजवळ नाही, मुळं दुखावतात. किंचित मागे कललेली ठेवली तर वरून वाचायला सोपी जाते. बी पेरता तेव्हाच रोवा. 'रोप आलं की लावू' म्हटलं की दोडका-घोसाळ्याचा गोंधळ झालाच. काढताना पाटी धरून ओढू नका, तारेचे पाय मातीलगत धरून वर उचला.

मळली तर जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी पुरे.

उरलेली कच्ची क्ले क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून पॉलिथिनच्या पिशवीत किंवा तळाशी त्रिकोणात ५ आकडा असलेल्या डब्यात, उन्हापासून आणि गॅसच्या ओट्यापासून लांब ठेवा. कडक, काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यांना ती चिकटून बसते. नीट ठेवलेली क्ले पुढच्या मे महिन्यातही मळून वापरता येते.